वाटी, पेला आणि कणकेचा गोळा: मनाची वाढ घरातल्या घरात कशी पाहावी

माणसाच्या मनाची वाढ कशी होते हे तपासणारे गाजलेले प्रयोग प्रयोगशाळेत झाले, पण त्यातल्या बहुतेकांना लागणारं सामान आपल्या स्वयंपाकघरात असतं. तान्हं बाळ, शाळेतलं मूल, कॉलेजचा मुलगा, चाळिशीतले आईबाप आणि आजी-आजोबा अशी दोन-तीन पिढ्यांची माणसं घरात असतील, तर जन्मापासून म्हातारपणापर्यंतचा सगळा पट घरातच बघायला मिळतो. तो नीट बघायचा कसा, हे इथे वयाच्या क्रमाने दिलं आहे.

एक गोष्ट पहिल्यापासून धरून चालायची. बरोबर उत्तरापेक्षा चुकीचं उत्तर जास्त सांगून जातं. चार वर्षांचं मूल चुकतं ते ठरावीक पद्धतीने, आणि त्याच्या वयाची बहुतेक मुलं तशीच चुकतात. ती चूक म्हणजे खोडसाळपणा नाही आणि मठ्ठपणाही नाही. त्या वयाचं डोकं जगाकडे कसं बघतं, ते त्या चुकीत दिसतं.

तयारी आणि चार पथ्यं

सामान: दोन अगदी सारखे काचेचे पेले, एक उंच अरुंद काचेचा पेला, एकाच रंगाचे दोन रुमाल, आरसा, मूठभर मळलेली कणीक, डझनभर नाणी, दीड मीटर दोरा, एक जड आणि एक हलकं कुलूप, सेकंदकाट्याचं घड्याळ आणि वही.

वहीत तारीख आणि वय लिहा. पाच वर्षांपर्यंत वय महिन्यांत लिहायचं, कारण त्या काळात तीन महिन्यांनीही मोठा फरक पडतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं वय दुरुस्त करून घ्यावं लागतं: बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाच्या वयातून आठ आठवडे वजा करायचे, आणि दोन वर्षांचं होईपर्यंत हाच हिशेब ठेवायचा. नाहीतर बाळ मागे पडल्याचा उगाच घोर लागतो.

दुसरं पथ्य चेहऱ्याचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा खुराने टकटक करून बेरजा सोडवायचा. ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिलं, की घोडा प्रश्न विचारणाऱ्याच्या मानेची आणि चेहऱ्याची बारीकशी हालचाल बघून थांबत होता. मुलं हान्सपेक्षा पुष्कळ हुशार असतात. म्हणून प्रश्न विचारल्यावर पेल्याकडे किंवा डब्याकडे बघू नका, मुलाच्या कपाळाकडे बघा. ‘नक्की का?’ असं तर मुळीच म्हणू नका. ते ऐकलं की मूल उत्तर बदलतं.

तिसरं, उत्तर शिकवू नका. शिकवलेलं उत्तर मूल पाठ म्हणून दाखवतं आणि पुढच्या वेळी बघण्यासारखं काही उरत नाही. ‘बरं’ एवढंच म्हणा आणि लिहून ठेवा.

चौथं, खाली दिलेली वयं सरासरीची आहेत. दोन-चार महिने इकडेतिकडे होणारच. शेजारच्या मुलाशी तुलना करण्यासाठी ही वही वापरायची नाही.

पहिलं वर्ष

नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचं बरं दिसतं. मांडीवर घेऊन पाजताना आईचा चेहरा जवळपास तेवढ्याच अंतरावर असतो. मीटरभर लांबून टाळ्या वाजवून ‘बघतच नाही’ म्हणण्यात अर्थ नाही, जवळ या. आवाज मात्र ते पोटातून ऐकून आलेलं असतं. १९८० साली अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी दाखवलं, की तीन दिवसांच्या आतली बाळं अनोळखी बाईपेक्षा आईचा आवाज ऐकू यावा म्हणून चोखण्याची लय बदलतात.

सहा ते आठ आठवड्यांच्या सुमाराला माणसाचा चेहरा बघून येणारं पहिलं हसू दिसतं. त्याआधी झोपेत येणारं हसू वेगळं. आपल्याकडे सटवाई हसवते म्हणतात ते हेच.

चार-पाच महिन्यांच्या बाळाशी बोलता बोलता आई फोनमध्ये बघू लागली आणि तिचा चेहरा निर्विकार झाला, की काय होतं ते पाहा. बाळ आधी हसून, हात हलवून तिला परत बोलवायला बघतं, मग नजर फिरवतं, मग कुरकुरतं. एडवर्ड ट्रॉनिक यांचा १९७० च्या दशकातला प्रसिद्ध प्रयोग हाच होता. घरी तो मुद्दाम करू नका. दिवसातून कितीदा आपोआप होतो, तेवढं फक्त लक्षात घ्या.

आता रुमालांचा खेळ. वय आठ ते बारा महिने.

बाळाला मांडीवर बसवा. समोर हाताच्या अंतरावर दोन रुमाल ठेवा, मध्ये एक फुटाचं अंतर. बाळाच्या देखत किल्ल्यांचा जुडगा डाव्या रुमालाखाली ठेवा आणि त्याला शोधू द्या. असं तीन-चार वेळा करा. मग त्याच्या डोळ्यांदेखत जुडगा उजव्या रुमालाखाली ठेवा, बाळाचे हात हलकेच धरून तीन सेकंद थांबा आणि सोडा. नऊ महिन्यांचं बाळ पुष्कळदा पुन्हा डाव्याच रुमालाकडे झेपावतं. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी ही चूक टिपली आणि तिचा अर्थ असा लावला, की डोळ्याआड गेलेली वस्तू म्हणजे काय याची जाण बाळाला अजून पुरती आलेली नाही. पुढे अडेल डायमंड यांनी थांबण्याचा वेळ बदलून पाहिला. साडेसात ते बारा महिन्यांच्या काळात बाळाला न चुकता झेपणारा थांबा दर महिन्याला साधारण दोन सेकंदांनी वाढत जातो, असं त्यांना आढळलं. म्हणजे प्रश्न फक्त कळण्याचा नाही. सवय लागलेला हात आवरण्याचाही आहे.

हा खेळ फसतो तो बहुधा वाट्यांमुळे. रुमालाऐवजी पालथ्या वाट्या ठेवल्या, की बाळाला जुडग्यापेक्षा वाटी आपटण्यातच रस वाटतो. शिवाय स्टीलखाली किल्ल्या वाजतात आणि आवाजावरून जागा कळते. थांबा न घेतल्यानेही निकाल बिघडतो, कारण लगेच सोडलं तर बाळाचा हात नजरेमागोमाग जातो.

याच वयात, सात-आठ महिन्यांपासून, अनोळखी माणसाला बघून बाळ रडतं. गावाहून आलेल्या आत्याला वाटतं, पोरगं शिष्ट झालं. खरं तर बाळाला आता आपलं कोण आणि परकं कोण हे कळू लागलेलं असतं, म्हणजे ही प्रगतीच आहे. पाहुण्यांना सांगा: दोन मीटरवर खाली बसा, बाळाकडे थेट बघू नका, हातात एखादं भांडं घेऊन वाजवत राहा. पाच-दहा मिनिटांत ते बहुधा आपणहून सरकत येतं. हिसकावून उचलून घेतलं, की पुढचा अर्धा तास गेला.

एक ते तीन वर्षं: आरसा आणि शब्द

आरशातलं मूल म्हणजे मीच, हे कळायला साधारण १८ ते २४ महिने लागतात. तपासायची रीत अशी. तोंड पुसण्याच्या निमित्ताने मुलाच्या नाकावर कुंकवाचा ठिपका लावा, त्याला कळता कामा नये. दहा मिनिटं खेळू द्या, मग आरशासमोर बसवा. मुलाने आरशाला हात लावला तर अजून वेळ आहे, स्वतःच्या नाकाला लावला तर ओळख पटली. आपल्याकडे या प्रयोगाला एक अडचण आहे. मुलाला गालावर किंवा कपाळावर रोज काजळाची तीट लागत असेल, तर त्याला चेहऱ्यावरच्या ठिपक्याचं काहीच वाटत नाही आणि ते पुसायलाही जात नाही. म्हणून ठिपका नाकावर, आणि काजळाऐवजी कुंकवाचा. तरीही मूल नुसतं बघत बसलं, तर लगेच ‘नापास’ लिहू नका. आरसा किती वापरात आहे आणि घरात मुलाला कसं वाढवतात, यावरही हे वय मागेपुढे होतं.

बोलण्याची नोंद ठेवताना शब्दांची यादी करा. ‘भू’, ‘माऊ’, ‘मम्’ हेही शब्दच, अट एवढीच की दर वेळी त्याच गोष्टीसाठी यायला हवेत. घरात दोन भाषा असतील, मग ते बेळगाव असो, इंदूर असो की न्यू जर्सी, तर दोन्हींची यादी एकत्र मोजा. फक्त मराठी शब्द मोजले तर मूल मागे असल्यासारखं दिसतं आणि लोक एक भाषा बंद करायला सांगतात. तसं करायची गरज नाही.

यातली काही लक्षणं मात्र वहीत लिहून थांबायची नाहीत. बारा महिन्यांपर्यंत बडबड नाही, बोट दाखवणं किंवा टाटा करणं यातला एकही हावभाव नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. दोन वर्षांपर्यंत ‘बाबा गेले’, ‘पाणी दे’ अशी स्वतः जोडलेली दोन शब्दांची जोडी नाही. किंवा कुठल्याही वयात आलेले शब्द गेले, तर बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि कान तपासून घ्या. अंगणवाडीतून किंवा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडूनही पुढे पाठवतात. ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणून वर्ष घालवू नका.

तीन वर्षांच्या पुढे मराठी मुलांच्या तोंडी ‘मी करलं’, ‘गाडी जाली’, ‘झुरळ मरलं’ असं ऐकू येतं. मूल आधी ‘केलं’, ‘गेली’ बरोबर म्हणत होतं, मग अचानक बिघडलं कसं? आधी ते ऐकलेलं म्हणत होतं, आता त्याला नियम सापडला आहे. ‘बस’चं ‘बसलं’, ‘पड’चं ‘पडलं’, तर ‘कर’चं ‘करलं’ व्हायलाच हवं. ‘चूक’ म्हणून टोकू नका. ‘हो, गेली ना गाडी!’ असं बरोबर रूप सहज वाक्यात येऊ द्या.

हा नियम खरंच डोक्यात आहे का, ते तपासायला १९५८ साली जीन बर्को यांनी मुलांना खोटे शब्द दिले. मराठीत हे फार छान करता येतं, कारण आपल्याकडे लिंगाप्रमाणे अनेकवचन बदलतं. कागदावर तीन विचित्र प्राणी काढा आणि म्हणा: हा एक बोफा, आता हे दोन…? ही एक झुपी, आता या दोन…? हे एक गुपडं, आता ही दोन…? कधीच न ऐकलेल्या शब्दांचं ‘बोफे’, ‘झुप्या’, ‘गुपडी’ झालं, तर ते पाठांतर नाही. ‘हा, ही, हे’ स्पष्ट म्हणा, कारण मुलाला लिंगाचा सगळ्यात मोठा सुगावा तिथूनच मिळतो. तिन्ही एकदम येणार नाहीत. कुठलं आधी येतं तेही लिहून ठेवा.

तीन ते पाच: दुसऱ्याच्या मनात काय आहे

एक लाल डबा, एक निळा डबा, दोन बाहुल्या आणि एक लाडू घ्या.

चिंगी लाडू लाल डब्यात ठेवते आणि खेळायला बाहेर जाते. ती खरंच दाराबाहेर गेली पाहिजे. मग गोट्या येतो, लाडू काढून निळ्या डब्यात ठेवतो. आधी दोन प्रश्न खात्रीसाठी: ‘लाडू आता कुठे आहे?’ आणि ‘चिंगीने कुठे ठेवला होता?’ यातलं एकही चुकलं, तर गोष्ट लक्षात राहिली नाही असा अर्थ. पुन्हा सांगा. दोन्ही बरोबर आले, की खरा प्रश्न: ‘चिंगी आता परत आली. ती लाडू कुठे शोधेल?’

तीन वर्षांचं मूल ठामपणे निळा डबा दाखवतं. जे त्याला माहीत, ते सगळ्या जगाला माहीत. चार-पाचच्या सुमाराला ते लाल म्हणू लागतं. हाइन्झ विमर आणि जोसेफ पर्नर यांनी १९८३ मध्ये हा प्रयोग मांडला, आणि २००५ साली कॅनडा, भारत, पेरू, सामोआ आणि थायलंड अशा पाच देशांतल्या मुलांवर त्याच जातीचा प्रयोग झाला, तेव्हा तीन ते पाच वर्षांमधलं हे वळण सगळीकडे दिसलं.

प्रश्नाचे शब्द मोजूनमापून वापरा. ‘कुठे शोधायला हवा?’ विचारलंत तर निळा डबा हे बरोबरच उत्तर आहे. ‘सगळ्यात आधी कुठे शोधेल?’ असं विचारलं तर तीन वर्षांचीही काही मुलं सुटतात. म्हणून दर वेळी तोच प्रश्न, त्याच शब्दांत.

याच प्रयोगाचा दुसरा प्रकार म्हणजे ओळखीच्या डब्यात भलतीच वस्तू ठेवायची आणि विचारायचं, ‘आत काय आहे असं दादाला वाटेल?’ आपल्या घरात तो हमखास फसतो. बिस्किटांच्या डब्यात सुईदोरा असतो आणि कॉफीच्या बाटलीत मोहरी असते, हे आपल्या मुलांना जन्मापासून ठाऊक. त्यासाठी बंद पुडाच हवा. पुडा मागून कापून आत बटणं भरा आणि पुन्हा चिकटवा.

हे वळण आलं, की घरात दोन बदल दिसतात. लपाछपीत नुसते डोळे झाकून ‘मी लपलो’ म्हणणारं मूल आता खरं लपतं. आणि ते खोटं बोलू लागतं. ओठांना साखर लागलेली असताना ‘मी नाही खाल्ली’ म्हणणारं मूल बिघडलेलं नसतं. समोरच्याच्या मनात आपल्या मनाहून वेगळं काही असू शकतं, हे त्याला नुकतंच कळलेलं असतं. काय चूक ते शांतपणे सांगा, ‘लबाड’ हा शिक्का नको.

हात आवरण्याची ताकद बघायला ‘चिमणी उड, कावळा उड, म्हैस उड’ याहून चांगला खेळ नाही. तीन वर्षांच्या मुलाची म्हैस दर वेळी उडते. सहाव्या वर्षापर्यंत ती बरीचशी जमिनीवर राहते. वीस वेळा खेळा, त्यात सहा न उडणारे ठेवा आणि किती चुकले ते लिहा. वेग वाढवला की चुका वाढतात, म्हणून वेग तोच ठेवा.

‘आत्ता एक चिक्की, पंधरा मिनिटं थांबलास तर दोन’ हा वॉल्टर मिशेल यांचा प्रयोग सगळ्यांना ठाऊक असतो, आणि त्यावरून मुलाचं भविष्य सांगायची घाई होते. ती करू नका. २०१८ मध्ये मोठ्या गटावर हा अभ्यास पुन्हा झाला. घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर लहानपणच्या थांबण्याचा आणि पुढच्या यशाचा संबंध फार क्षीण झाला. त्याआधी २०१३ मध्ये दिसलं होतं, की दिलेला शब्द मोडणाऱ्या मोठ्या माणसासमोर मुलं कितीतरी लवकर धीर सोडतात. तेव्हा आधी स्वतःचा हिशेब करा: या आठवड्यात ‘संध्याकाळी नेतो’ म्हणून किती वेळा नेलं? नैवेद्य दाखवेपर्यंत मोदकाला हात न लावणारं मूल पुष्कळ घरांत असतं, कारण नैवेद्यानंतर मोदक मिळतोच हे त्याने दर वर्षी पाहिलेलं असतं.

पाच ते आठ: पेल्यातलं पाणी

हा प्रयोग सगळ्यात जास्त केला जातो आणि सगळ्यात जास्त बिघडवलाही जातो, म्हणून सावकाश करा.

दोन सारख्या पेल्यांत प्रत्येकी १५० मिलिलिटर पाणी घ्या. सरबत किंवा दूध नको, ते प्यायची घाई होते. ‘दोन्हींत सारखं आहे का?’ विचारा. मूल नाही म्हणालं, तर त्याच्याच हाताने चमच्याने कमीजास्त करायला लावा, त्याला पटेपर्यंत. मग एका पेल्यातलं सगळं पाणी त्यालाच उंच अरुंद पेल्यात ओतू द्या. सांडता कामा नये. चार थेंब सांडले तरी हुशार मूल ‘यात कमी आहे’ म्हणेल आणि ते खरंच असेल. आता विचारा: ‘दोन्हींत सारखं पाणी आहे, की एकात जास्त आहे?’ पाठोपाठ ‘कशावरून?’

पाच वर्षांचं मूल उंच पेल्यात जास्त म्हणतं, कारण पाणी ‘वर आलंय’. सात-आठचं मूल सारखं म्हणतं आणि तीनपैकी एक कारण देतं: कुणी घातलं नाही की काढलं नाही, परत ओतलं तर तेवढंच होईल, हा उंच आहे पण बारीक आहे. कारण शब्दशः लिहून घ्या. मधल्या काळात मूल एकदा सारखं म्हणतं, एकदा जास्त म्हणतं आणि स्वतःच गोंधळतं. ते दिवस सगळ्यात मौल्यवान असतात.

बिघडतं कुठे? एकच प्रश्न ओतण्याआधी आणि नंतर असा दोनदा विचारला, की काही मुलांना वाटतं पहिलं उत्तर चुकलं असणार, आणि ती बदलतात. यावर उपाय दोन. एक, दुसऱ्या दिवशी फक्त ओतल्यानंतर विचारा. दोन, बदल ‘चुकून’ होऊ द्या. जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी १९७४ मध्ये नाण्यांसारख्या चकत्यांच्या दोन रांगा मांडल्या आणि एका खट्याळ अस्वलाच्या बाहुलीला त्या विस्कटू दिल्या. मोठ्या माणसाने रांग हलवली तेव्हा चुकणारी पुष्कळ मुलं अस्वलाच्या वेळी बरोबर आली. मोठ्यांनी मुद्दाम काही केलं म्हणजे काहीतरी बदललं असणार, असं मुलं धरून चालतात.

घरी हे सहा-सहा नाण्यांनी करा. समोरासमोर दोन रांगा, मग एक रांग पसरवा. कणकेचे दोन सारखे गोळे घेऊन एकाची लांब वळी करा. साधारण क्रम असा येतो: आधी संख्या, मग पाणी आणि कणीक, नऊ-दहाच्या सुमाराला वजन, आणि अकरा-बाराच्या पुढे गोळा बुडवल्यावर पाणी किती वर येईल ते. म्हणजे एकच मूल ‘कणीक तेवढीच’ म्हणेल आणि लगेच ‘पण वळी हलकी’ असंही म्हणेल. त्याला स्वयंपाकघरातला वजनकाटा द्या, मात्र त्याने अंदाज सांगितल्यानंतरच.

हातातल्या कामाचाही फरक पडतो. मेक्सिकोत कुंभारांच्या मुलांना मातीच्या गोळ्याचं हे गणित इतर मुलांच्या आधी उमगलेलं दिसलं, तो अभ्यास १९६९ चा.

ताटावर याचा उपयोग रोज होतो. पाच वर्षांच्या मुलाने ‘ताईला जास्त’ म्हणून भोकाड पसरलं, तर दूध सारख्याच पेल्यात द्या. ते खरंच सारखं आहे हे समजावत बसू नका, कारण त्याच्या डोळ्यांना ते सारखं नाहीच. एकच पोळी चार तुकडे करून दिली, तर याच वयात ती ‘खूप’ होते. पाच वर्षांखालच्या भावंडांपासून नाणी आणि शेंगदाणे लांब ठेवा, घशात अडकतात.

आठ ते बारामधलं एकच सांगतो. मुलाला विचारा: मदत करताना धक्का लागून एकाने पंधरा कप फोडले, आणि चोरून जॅम खाताना दुसऱ्याने एक फोडला. जास्त चूक कुणाची? लहान मुलं पंधरा मोजतात, मोठी हेतू बघतात. नंतर स्वतःलाही विचारा, घरात महागाचं भांडं फुटलं तेव्हा आपण काय मोजलं.

बारा ते पंचवीस

दाराच्या चौकटीला खिळ्यावर दोरा बांधून कुलूप लटकवा आणि विचारा, ‘झोका वेगाने जाण्या-येण्यासाठी काय बदलावं लागेल, ते शोधून दाखव.’ दोऱ्याची लांबी, कुलपाचं वजन, किती उंचावरून सोडायचं आणि किती जोरात ढकलायचं, चारही गोष्टी त्याच्या हातात द्या. दहा वर्षांचं मूल हलकं कुलूप लावतं आणि दोराही तोकडा करतं, आणि म्हणतं ‘वजनामुळे’. चौदा-पंधराचं मूल, सगळीच नाही, एका वेळी एकच गोष्ट बदलतं. उत्तर लांबीच आहे: पाव मीटर दोऱ्यावर दहा झोके सुमारे १० सेकंदांत होतात, एक मीटरवर सुमारे २० सेकंदांत. लांबी खिळ्यापासून कुलपाच्या मध्यापर्यंत मोजा. इथे बघायचं ते उत्तर नाही, त्याने कोणत्या क्रमाने काय बदललं ते. प्रत्येक खेप लिहून घ्या.

झोपेबद्दल घरोघरी भांडणं होतात. वयात येताना झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागतं, आणि झोपेची गरज मात्र आठ ते दहा तासांची राहते. सकाळी सातची शाळा असेल तर हे गणित जुळतच नाही. रविवारी दुपारी बारापर्यंत झोपू दिलं की घड्याळ आणखी सरकतं. रोजच्यापेक्षा तास-दीड तास जास्त, एवढीच सूट ठेवा. उठल्यावर दहा मिनिटं उन्हात, आणि रात्री फोन दुसऱ्या खोलीत. ‘आळशी’ म्हटल्याने मेलाटोनिन लवकर येत नाही.

मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांच्या २००५ च्या प्रयोगात गाडी चालवण्याच्या खेळात मित्र बाजूला असताना किशोरवयीन मुलांनी एकटं असतानापेक्षा खूप जास्त धोका पत्करला. चोविशीच्या पुढच्यांमध्ये हा फरक जवळजवळ नव्हता. धोका कळत नाही असं नाही, तर मित्रांसमोर त्याचं मोल बदलतं. म्हणून अठरा पूर्ण झाल्यावर परवाना मिळाला, तरी पहिले सहा महिने मागे मित्र बसवायचा नाही, हा नियम ‘सावकाश चालव’ या उपदेशापेक्षा कामाचा आहे.

दहावीच्या निकालानंतर शाखा निवडताना दोन प्रश्न पुरतात. ‘दुसरं काय काय पाहिलंस?’ आणि ‘हे का नक्की केलंस?’ जेम्स मार्शिया यांनी १९६६ मध्ये तरुणांची चार प्रकारांत जी विभागणी केली, ती याच दोन गोष्टींवर: शोध घेतला का, आणि निवड मनापासून पक्की केली का. दुसरं काहीच न बघता ‘विज्ञानच’ म्हणणारी मुलगी घरात सगळ्यांना समंजस वाटते. मला तिची काळजी जास्त वाटते, कारण तो निर्णय बहुधा दुसऱ्या कुणाचा असतो. अजून शोधतोय म्हणणाऱ्याला वेळ आणि माहिती द्या, धाक नको.

पंचविशी ते साठी: एका संध्याकाळचे दोन खेळ

मोठेपणी वाढ थांबते ही समजूत मोडायला हे दोन खेळ पुरेत. सगळं घर एकत्र बसवा.

पहिला: कागदाच्या माथ्यावर १ ते ९ आकडे आणि प्रत्येकाखाली एक खूण काढा, म्हणजे त्रिकोण, फुली, अर्धचंद्र वगैरे. खाली शंभर आकडे कुठल्याही क्रमाने लिहा. ९० सेकंदांत जितक्या आकड्यांखाली योग्य खूण भरता येईल तितके गुण. दुसरा: वीस शब्द द्या आणि अर्थ सांगायला लावा, वेळेचं बंधन नाही.

पहिल्यात बहुधा विशीतली माणसं जिंकतात आणि चाळिशीनंतर गुण हळूहळू उतरतात. दुसऱ्यात पन्नाशी-साठीची माणसं पुढे असतात. पंचेचाळिशीच्या पुढच्यांनी जवळचा चष्मा लावूनच पहिला खेळ खेळावा, नाहीतर आपण डोळे मोजतो आणि डोकं मोजल्यासारखं वाटतं.

शब्दांची निवड जपून करा. कासरा, माजघर, उतरंड, अधमुरं असे वीस शब्द दिले तर आजी जिंकणारच, आणि ते वयामुळे नव्हे, तर ती त्या वस्तूंमध्ये राहिली म्हणून. संशोधकांनाही या घोळाने बराच काळ चकवलं. वेगवेगळ्या वयाची माणसं एकाच दिवशी तपासली, की वयाचा फरक आणि पिढीचा फरक एकत्र मिसळतो. वॉर्नर शाय यांनी १९५६ मध्ये सिअ‍ॅटलमध्ये सुरू केलेल्या अभ्यासात तीच माणसं दर सात वर्षांनी तपासली, तेव्हा बुद्धीची उतरण आधी वाटलं होतं त्यापेक्षा बरीच उशिरा सुरू होते असं दिसलं. म्हणून दहा शब्द जुन्या घरातले घ्या, दहा आजच्या वर्तमानपत्रातले. आणि कागद जपून ठेवा, पाच वर्षांनी त्याच माणसांना परत द्यायला.

साठीपुढे

आधी कान तपासा. उतारवयात उंच पट्टीचे आवाज आधी जातात, त्यामुळे स, श, त, थ नीट ऐकू येत नाहीत. जे ऐकूच आलं नाही ते लक्षात कसं राहील? ‘आई विसरायला लागली’ असं वाटणाऱ्या काही घरांत खरी अडचण कानाची असते. समोर बसून, टीव्ही बंद करून, ओठ दिसतील असं बोला. ओरडू नका, ओरडण्याने शब्द आणखी फाटतात.

नाव ओठावर येऊन अडकणं हे वयाबरोबर वाढतंच, विशेषतः माणसांची नावं. चष्मा कुठे ठेवला ते न आठवणं चालण्यासारखं आहे. रोजच्या देवळाच्या वाटेवर चुकणं, दहा मिनिटांत तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारणं, सुट्ट्या पैशांचा हिशेब अचानक न जमणं, हे काही महिन्यांत सुरू झालं असेल तर डॉक्टरांकडे न्या. बी-१२ ची कमतरता आणि थायरॉइड आधी तपासतात, आणि त्यावर उपचार आहेत.

वय झालं की माणसं काय सोडतात आणि काय धरून ठेवतात, तेही पाहा. पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन ऐंशीच्या घरात असताना कमी रचना वाजवत, त्यांचाच जास्त सराव करत, आणि वेगवान भाग येण्याआधी मुद्दाम संथ वाजवत, म्हणजे पुढचा वेग उठून दिसे. म्हातारपणाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ पॉल बाल्टेस हे उदाहरण नेहमी देत. दिवाळीचे सगळे पदार्थ सुनेवर सोपवून फक्त चकलीची भाजणी स्वतःच भाजणारी आजी हेच करते. ती भाजणी तिच्या हातून काढून घेऊ नका. १९७६ मध्ये एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी वृद्धाश्रमातल्या एका गटाला छोटे छोटे निर्णय आणि एक रोप सांभाळायला दिलं. दुसऱ्या गटाचं सगळं कर्मचाऱ्यांनी केलं. पहिला गट जास्त सावध आणि जास्त आनंदी राहिला. तुळशीला पाणी कधी घालायचं, भाजी कुठली आणायची, हे त्यांनाच ठरवू द्या.

शेवटचा खेळ सगळ्या वयांचा. दहा शब्द चिठ्ठ्यांवर लिहा: पाऊस, एसटी, चप्पल, परीक्षा, विहीर, लग्न, पत्र, आंबा, दवाखाना, गाणं. एकेक चिठ्ठी काढून प्रत्येकाने मनात आलेली पहिली खरी आठवण सांगायची. आठवण कुठल्या वयाची, ते वहीत लिहा. साडेतीन वर्षांच्या आतली क्वचितच कुणाची येईल. नातीच्या सगळ्या गेल्या वर्ष-दोन वर्षांतल्या असतील. आजीच्या ताज्या आठवणी सोडल्या, तर बाकीच्या दहा ते तीस वर्षांमधल्या भरपूर निघतात: पहिली नोकरी, लग्न, पहिलं बाळंतपण, सोडलेलं गाव. ‘लग्न’ ही चिठ्ठी पहिल्यांदा काढू नका, ती आली की पुढच्या सगळ्या आठवणी तिच्याच भोवती फिरतात. आणि सांगता सांगता आजी एखाद्या नावाशी थांबली, तर मनात दहा आकडे मोजा. बहुतेक वेळा नाव तिचं तिलाच सापडतं.